पहिला धडा सगळ्यांचाच गोड

फ्रेंच घरच्या घरी शिकायचं ठरवलंस, उत्तम केलंस. आता पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात गेलीस की दुकानदार चार पुस्तकं पुढ्यात टाकेल, फोन उघडलास की दहा ॲप खुणावतील, आणि प्रत्येक मैत्रीण आपलाच कोर्स कसा भारी ते पटवून देईल. मी आयुष्यभर या भाषेच्या शिकवण्या घेतल्या. घरी बसून शिकणारे टिकलेलेही पाहिले आणि गळालेलेही. गळालेले बहुतेक आळशी नव्हते. कोर्स घेताना त्यांनी फक्त पहिला धडा चाळलेला होता. पहिला धडा सगळ्यांचाच गोड असतो: बाँझूर, मेर्सी, एक ते दहा आकडे, आयफेल टॉवरचा फोटो. नव्याचे नऊ दिवस सरले की खरा कोर्स सुरू होतो. म्हणून माझा मुख्य कानमंत्र हा की कुठलाही कोर्स विसाव्या धड्यावरून पारखायचा. त्याच्या आगेमागे आणखी काही गोष्टी आहेत, त्याही सांगते. यातल्या निम्म्या मला माझ्या फ्रेंचच्या बाईंनी सांगितलेल्या आहेत.

१. कशासाठी शिकायचं ते आधी एका वाक्यात लिही

'आवड म्हणून' हेही उत्तर चालेल, पण लिही. हेतू बदलला की कोर्स बदलतो. ताई माँट्रियलला आहे आणि तिच्याकडे महिनाभर राहायचंय, तर ऐकणं-बोलणं शिकवणारा कोर्स पुरे. व्याकरणाचा ठोकळा उशाशी घेऊन झोपायची गरज नाही. कादंबऱ्या मुळातून वाचायच्या असतील तर भरपूर मजकूर देणारा हवा.

कॅनडात कायमचं जायचं असेल तर आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. तिथल्या केंद्र सरकारच्या इमिग्रेशनच्या अर्जाला टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा या परीक्षांचे निकाल लागतात, आणि ते दोनच वर्षं चालतात. डेल्फ या दुसऱ्या फ्रेंच परीक्षेचं प्रमाणपत्र जन्मभर टिकतं, पण त्या अर्जाला ते चालत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे भलत्याच परीक्षेची तयारी करत बसलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत.

२. आवाज नसलेला कोर्स फुकट मिळाला तरी घेऊ नकोस

फ्रेंचमध्ये लिहितात एक आणि बोलतात दुसरं. 'मी बोलते', 'तू बोलतेस', 'ते बोलतात' यांतलं क्रियापद कागदावर तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी येतं आणि कानाला तिन्ही वेळा 'पार्ल' एवढंच ऐकू येतं. डोळ्यांनी शिकलेल्याला हे कधीच ओळखू येत नाही.

म्हणूनच उच्चार देवनागरीत किंवा रोमनमध्ये छापून 'तीस दिवसांत फ्रेंच' शिकवणारी पुस्तकं बाजूला ठेव. 'च्या वर' आणि 'खाली' यांना फ्रेंचमध्ये जे दोन शब्द आहेत, ते देवनागरीत लिहायला गेलं तर दोन्ही 'दसू'च होतात. फरक आहे तो शेवटच्या स्वरात. एकात आपला साधा ऊ, दुसऱ्यात ओठ ऊसारखे गोल ठेवून आतून म्हटलेला ई. आरशासमोर उभी राहा, ई म्हणत राहा आणि आवाज न बदलता फक्त ओठ गोल कर. तो स्वर आपोआप निघेल. तो चुकला तर चष्मा टेबलावर शोधायचा की टेबलाखाली, हेच समोरच्याला कळणार नाही. अशा शब्दांच्या जोड्या सुरुवातीलाच ऐकवून वेगळ्या करून दाखवणारा कोर्स चांगला समज.

ध्वनिफीत ऐकताना तीन गोष्टी तपास. बाई आणि पुरुष दोघांचे आवाज आहेत ना? ऐकवलेल्या प्रत्येक वाक्याचा लेखी मजकूर हातात आहे ना? आणि विसाव्या धड्याच्या आसपास बोलण्याचा वेग वाढलाय ना? काही कोर्सांत शेवटच्या धड्यापर्यंत माणसं बालवाडीतल्या बाईंसारखी थांबत थांबत बोलतात. पॅरिसमध्ये तसं कोणी बोलत नाही. 'मला माहीत नाही' हे पुस्तकात 'झ न से पा' असतं आणि रस्त्यावर त्याचं 'शे पा' होतं. ही दुसरी तऱ्हा कोर्समध्ये एकदाही ऐकू येत नसेल, तर तो कोर्स तुला फ्रेंच लिहायला शिकवेल, ऐकायला नाही.

३. आता विसावा धडा उघड, हातात पेन्सिल घे

पहिलं बघायचं ते हे की जुने शब्द परत आलेत का. पाचव्या-सातव्या धड्यातले शब्द विसाव्यात पुन्हा भेटायला हवेत. प्रत्येक धड्यात नव्या तीस शब्दांची यादी आणि मागचे सगळे गायब, असा कोर्स लिहिणाऱ्याने शिकणाऱ्याचा विचार केलेला नाही.

दुसरं, स्वाध्यायांची उत्तरं. घरी मास्तर नसतो. उत्तरंच नसतील तर तू चुकीचं वाक्य शंभरदा गिरवशील आणि तेच पक्कं होईल.

तिसरं, संवाद. हे वाक्य हाडामांसाचा माणूस कधी बोलेल का, असं स्वतःला विचार. 'हे पेन आहे, ती खिडकी आहे' यापेक्षा गाडी चुकलेल्या माणसाची स्टेशनवरची तक्रार केव्हाही बरी. ती लक्षात राहते आणि उद्या उपयोगीही पडते.

चौथं, घड्याळ लावून धडा करून बघ. अर्ध्या-पाऊण तासात आटपला तर ठीक. दोन तास लागले तर दुसऱ्या आठवड्यात तू सोडून देशील, हे मी आजच लिहून देते.

उदाहरण म्हणून असिमिल घे. ही १९२९ साली सुरू झालेली फ्रेंच प्रकाशनसंस्था. त्यांच्या फ्रेंच कोर्सात शंभराच्या आसपास छोटे धडे असतात. डाव्या पानावर फ्रेंच संवाद, उजव्या पानावर त्याचं भाषांतर, खाली चार टिपा, शेवटी दोन छोटे स्वाध्याय आणि त्यांची उत्तरं तिथंच. दर सातवा धडा उजळणीचा. साधारण पन्नासाव्या धड्यापर्यंत फक्त ऐकायचं, मोठ्याने म्हणायचं आणि समजून घ्यायचं. त्यानंतर रोजचा नवा धडा संपला की पहिल्यापासून एकेक जुना धडा काढायचा, फ्रेंच पान झाकायचं आणि भाषांतर बघून तोंडाने फ्रेंच करायचं. मुलं नेमकं हेच टाळतात आणि मग म्हणतात, समजतं पण बोलता येत नाही. जुने धडे उलटे केल्याशिवाय तो कोर्स निम्माच झाला, असं समज.

४. वर्गासाठी लिहिलेलं पुस्तक घरी आणू नकोस

आल्टर एगो, एदितो, कॉस्मोपोलित ही क्लासमध्ये चालणारी पुस्तकं देखणी असतात, म्हणून मोह होतो. पण ती पहिल्या पानापासून फ्रेंचमध्येच असतात आणि शिकवणारा समोर आहे हे गृहीत धरून लिहिलेली असतात. 'शेजाऱ्याला विचारा', 'गटात चर्चा करा' असे स्वाध्याय घरी एकटीने कसे करणार? वर्षभराने क्लास लावलास तर ही पुस्तकं सोन्यासारखी आहेत, आज नाहीत.

व्याकरणासाठी 'ग्रामेर प्रोग्रेसिव द्यु फ्रांसे' हे पुस्तक मात्र आण. डाव्या पानावर नियम आणि उजव्या पानावर त्याचेच स्वाध्याय, अशी त्याची सुटसुटीत मांडणी आहे. फक्त त्याची उत्तरं वेगळ्या पुस्तिकेत मिळतात, तिचं नाव 'कोरिझे'. दुकानदार ती आपणहून देत नाही, मागून घ्यावी लागते. तिच्याशिवाय पुस्तक आणणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

५. कुणाचं काय चांगलं, कुणाचं काय उणं

पिम्स्लर: अर्ध्या अर्ध्या तासाचे ऐकायचे धडे, एका पातळीला तीस. विचारतो, थांबतो, तू बोलायचं, मग बरोबर उत्तर ऐकवतो. लांब शब्द शेवटच्या टोकाकडून जोडत शिकवतो, त्यामुळे जीभ अडखळत नाही. लोकलमध्ये किंवा स्वयंपाक करताना करता येतो. उणं इतकंच की शब्दसंपत्ती थोडकी आणि किंमत जास्त.

मिशेल थॉमस: दोन विद्यार्थी शिकताहेत आणि तू तिसरी, अशी रचना. पाठांतर करायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद. वाक्य जुळवायची भीती पार घालवतो. पण त्या विद्यार्थ्यांचे चुकलेले उच्चारही कानावर पडतात, तेव्हा उच्चारांसाठी याच्यावर विसंबू नकोस.

एफएसआय: अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या अधिकाऱ्यांसाठी केलेला कोर्स. सरकारी असल्याने त्याच्यावर कुणाचा हक्क नाही, सगळा फुकट मिळतो. चोवीस प्रकरणं, आणि एकच वाक्य वीस तऱ्हांनी बदलायला लावणारे सराव. रटाळ आहे, पण घोटून घेतो. शिस्तीचा माणूस असेल तरच याच्या वाटेला जावं.

फ्रेंच इन ॲक्शन: येल विद्यापीठाच्या पिएर काप्रेत्झ यांनी १९८७ साली केलेली बावन्न भागांची दूरचित्रवाणी मालिका. रोबेर आणि मिरेय या दोघांची गोष्ट. पहिला भाग सोडला तर पुढं सगळं फ्रेंचमध्येच चालतं, आणि तरी कळत जातं. मला फार आवडते. पण अगदी कोऱ्या पाटीने हिच्यात शिरू नकोस. दोन-तीन महिने दुसरं काही करून मग बघ.

घुबडाचं ॲप: रोजची सवय लावायला छान, शब्दही वाढतात. पण समोर दिलेले शब्द बोटाने जुळवणं आणि रिकाम्या हवेतून वाक्य काढणं यांत फार अंतर आहे. अखंड दिवसांचा आकडा सांभाळण्यासाठी रात्री पावणेबाराला पाच मिनिटं करणं याला अभ्यास म्हणत नाहीत.

६. फ्रँक दिसला की कोर्सचं वय ओळख

जुन्या बाजारात एखादा कोर्स स्वस्तात मिळाला तर दुकानातल्या खरेदीचा धडा काढ. तिथं भाव फ्रँकमध्ये असतील तर कोर्स २००२ च्या आधीचा, कारण त्या वर्षी १ जानेवारीपासून फ्रान्समध्ये युरोच्या नोटा आणि नाणी आली. जुना आहे म्हणून टाकू नकोस. व्याकरण शिळं होत नाही. पण टेलिफोन बूथ, तारा, प्रवासी धनादेश असले शब्द पाठ करण्यात वेळ घालवू नकोस. तरुण मुलीला 'मादमोआझेल' म्हणायची जुनी रीतही शिकून ठेव, वापरताना मात्र 'मादाम'च म्हण. सरकारी अर्जांतून तो जुना शब्द २०१२ सालीच काढलाय.

७. कोर्स इंग्रजीतून कर, तुलना मराठीशी कर

चांगले बहुतेक कोर्स इंग्रजी येणाऱ्यांसाठी लिहिलेले आहेत. त्यांत ज्यावर पानंच्या पानं खर्च होतात, ते तुला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं असतं. खुर्ची स्त्रीलिंगी का, याने इंग्रज गोंधळतो. आपल्याकडे तर तीन लिंगं. फ्रेंचमध्ये दोनच आहेत. शब्दाबरोबर त्याचं लिंग पाठ कर आणि पुढं चल. तू आणि तुम्ही यांचा भेद समजावणारं प्रकरणही वरवर वाच. लहान मूल, मित्र आणि घरचे सोडून बाकी सगळ्यांना 'वू' म्हणायचं, एवढं पुरे.

भूतकाळाच्या दोन रूपांना सगळे घाबरतात. तू घाबरू नकोस. 'मी काल गेले' हे एक रूप आणि 'मी रोज जायचे' हे दुसरं. मराठीत जिथं 'जायचे' येईल तिथं बहुधा 'अँपार्फे' हे दुसरं रूप लागतं. 'गेला, गेली, गेले' हे बदलणंही आपल्या ओळखीचं. जाणं-येणं अशा क्रियापदांत फ्रेंचमध्येही ते कर्त्याप्रमाणे बदलतं. 'मी खाल्लेली पोळी' म्हणताना आपण 'खाल्लेली' पोळीप्रमाणे बदलतो, तसं फ्रेंचमध्येही कर्म आधी आलं की भूतकाळवाचक रूप कर्माप्रमाणे बदलतं. इंग्रजीतून फ्रेंचकडे येणारा माणूस हा नियम महिनोन् महिने घोकतो.

आपली अडचण वेगळीच आहे. शाळेत इंग्रजी शिकताना आपण 'टी' या अक्षराला ट आणि 'डी'ला ड म्हणायला शिकलो. फ्रेंचमध्ये जीभ दातांना लागते, तिथं सरळ त आणि द म्हणायचं. प, त, क म्हणताना हवा फुंकायची नाही. आपल्याला प आणि फ निराळे करता येतात, तेव्हा हे जड जायचं कारण नाही. नाकातल्या स्वरांना शेवटी न् किंवा म् जोडायची मात्र आपल्याला खोड असते, ती मोडावी लागते. 'वाइन', 'वारा' आणि 'ते जातात' यांचे फ्रेंच शब्द फक्त नाकातल्या स्वराने वेगळे होतात. मालवणी किंवा कोकणी बोलणाऱ्या घरातली मुलं हे चटकन उचलतात, कारण त्यांच्या बोलण्यात असे स्वर रोजचेच.

८. एक मुख्य, एक जोडीला, बस

मुख्य कोर्स एकच. त्याच्या जोडीला त्याची उणीव भरून काढणारा एक. मुख्य पुस्तक असेल तर जोड ऐकायची, मुख्य ऐकायचा असेल तर जोड व्याकरणाची. तिसरा आणलास की एक ना धड भाराभर चिंध्या. सगळ्या कोर्सांचे पहिले पाच धडे येणारे पुष्कळ भेटतात. त्यांना पाच वेगवेगळ्या तऱ्हांनी स्वतःचं नाव सांगता येतं आणि पुढं काही नाही.

९. जाहिरातीतले महिने सोड, तास मोज

ए१ ते बी२ या चढत्या पातळ्यांचा ढोबळ हिशेब असा. ए१ साठी साधारण साठ ते शंभर तास, ए२ पर्यंत एकूण दीडशे-दोनशे, बी१ पर्यंत साडेतीनशे-चारशे आणि बी२ पर्यंत सहाशेच्या आसपास. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्यांना फ्रेंचसाठी पूर्णवेळ तीस आठवडे देतात, आणि त्यांना दुसरं काम नसतं. तू रोज अर्धा तास दिलास तर वर्षाचे एकशेऐंशी तास होतात, म्हणजे वर्षाने ए२ च्या जवळ. 'तीन महिन्यांत फाडफाड' म्हणणाऱ्या कोर्सने हा हिशेब केलेला नसतो, किंवा केलेला असतो आणि सांगत नाही.

१०. तपासणारा कोणी नाही, तर तपासणी स्वतः लाव

फ्रान्समध्ये शुद्धलेखनाच्या श्रुतलेखनाला 'दिक्ते' म्हणतात. लोकांना त्याचं इतकं वेड की बेर्नार पिवो यांनी १९८५ पासून त्याची राष्ट्रीय स्पर्धा भरवली आणि माणसं दूरचित्रवाणीसमोर वही घेऊन बसायची. घरी शिकणाऱ्याला याच्यासारखं औषध नाही. आठवड्यातून एकदा मागचा झालेला धडा लाव, वाक्य ऐक, थांबव, लिही. मग पुस्तकातून लाल पेनने तपास. कान कुठं चुकला आणि स्पेलिंग कुठं, दोन्ही एकाच कागदावर दिसतं.

तीनेक महिने झाले की आरएफआय या फ्रेंच रेडिओची सोप्या फ्रेंचमधली बातमीपत्रं सुरू कर. दहा मिनिटांचं रोजचं बातमीपत्र, सोबत लेखी मजकूर, सगळं फुकट. टीव्ही५मोंदचे ए१ ते बी२ पर्यंतचे स्वाध्यायही फुकट आहेत. माँट्रियलला जायचं असेल तर त्यानंतर तिथला रेडिओ-कनाडाही ऐकायला लाग. तिकडे 'त्यु'चं 'त्स्यु' होतं आणि पॅरिसमध्ये दुपारच्या जेवणाला जो शब्द, तो तिथं सकाळच्या न्याहारीला. आधी कळलेलं बरं, नाहीतर आमंत्रणाला चार तास उशिरा पोहोचशील.

बोलण्याला मात्र माणूसच लागतो. कोर्सवर वाचवलेले पैसे तिथं घाल. सहा महिन्यांनी आठवड्यातून एक तास कोणाशी तरी फ्रेंचमध्ये बोलायची सोय कर. तो माणूस चुका काढणारा हवा, कौतुक करणारा नको.

आणि एक परीक्षा नजरेसमोर ठेव. डेल्फला क्लास लावायची अट नाही. आलिआँस फ्राँसेझमध्ये बाहेरून नाव नोंदवता येतं. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना प्रत्येकी पंचवीस गुण. शंभरांत पन्नास मिळाले की पास, पण एकाही भागात पाचाच्या खाली जाऊन चालत नाही. एकाच अंगावर भर देणारा कोर्स कुठं कमी पडतो, ते इथं उघडं पडतं.

कोर्स निवडायला एक आठवडा घे, त्याहून जास्त नको. दोन-तीन कोर्सांचे नमुना धडे कर, चार जणांना विचार आणि मग मुख्य कोर्स म्हणून एकाचेच पैसे भर. त्यानंतर चार महिने जोडीचा सोडून दुसऱ्या कोर्सचं नावही काढू नकोस. मध्यम कोर्स शेवटपर्यंत नेणारी मुलं फ्रेंच बोलायला लागलेली मी पाहिली आहेत. उत्तम कोर्स अर्ध्यावर सोडणारी एकही नाही.